डाव्या हाताची सोय

दुपारी पेटीसारख्या पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला आणि बोटं फिरवली. पडद्यावर सूर उमटले, पण तारसप्तकातला सा कुजबुजला आणि मधलाच एक प भुंकला. माझी बोटं पेटीवर वाढलेली, त्याला काय करणार!

मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांची आपसातली भाषा, आवाज पाठवत नाही. कुठली पट्टी, किती वेगानं दाबली, कधी सोडली एवढंच कळवतं. पट्टीची ओळख नंबरानं: मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले, तेव्हापासून ही भाषा चालू आहे. ती ठरवताना पेटीवाल्याला कुणी विचारलं नसणार. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, सूर तेवढाच. लहानमोठं सगळं भात्याकडे.

आमच्याकडे गुरुवारच्या भजनाला आजोबा पेटीवर असत. त्यांचा डावा हात भरून आला की भाता माझ्याकडे. भात्याच्या घडीला चिकटपट्टी लावलेली होती; गजराला जोर केला की तिथून वारा फुस्सकन माझ्या गुडघ्यावर. ‘पळवू नकोस रे, बुवांचा दम बघ,’ आजोबा पुटपुटत. पुढच्या खटक्यांतले दोन नुसते शोभेचे होते. आजोबा तेही ओढूनच वाजवायला बसत.

तर मी सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे सूर नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा वेग) एकाच आकड्यावर बांधून टाकली. कीबोर्डच्या डाव्या अंगाचं मॉड्युलेशनचं चाक कंट्रोलर १ हा हुकूम पाठवतं, ते ११ केलं, म्हणजे एक्स्प्रेशन, आवाजाची चढउतार. ० ते १२७, झाला भाता. फक्त हा भाता ठेवाल तिथंच राहतो, वारा संपतच नाही, त्यामुळे डावा हात लगेच आळसावतो. शेजारचं, सूर वरखाली सरकवणारं पिचचं चाक स्प्रिंगनं परत येतं खरं, पण येतं ते मधोमध. भाता मधोमध थांबून कसं चालेल?

बाकी कीबोर्डवर आठ नॉब, फिरवायची बटणं. मिडी लर्न चालू करून नॉब जरा फिरवला की सॉफ्टवेअर त्याला ओळखतं. आवाज, पॅन (डावी-उजवी बाजू), रिव्हर्ब (घुमारा), तानपुऱ्याची पातळी असं करत सात नॉब कामाला लागले. आठव्याला मी मुद्दामच काही दिलेलं नाही. रेकॉर्डिंगआधी तोही फिरवून घेतो. कशाला, ते विचारू नका.