पेटी एकदाच उघडली पाहिजे

"ताई, मला आरपीजी बनवायचाय. गोष्ट पूर्ण तयार आहे. सुरुवात कुठून करू?"

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, एखादं पात्र होऊन गोष्टीतून खेळत जायचा संगणकावरचा खेळ. विचारणारा बहुधा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असतो. एकदा एका काकूंनी पुतण्यासाठी विचारलं होतं. गोष्ट मात्र दर वेळी 'पूर्ण तयार' असते: सात राज्यं, बारा नायक, एक हरवलेला मुकुट. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी काही या धंद्यातली नाही. दिवसा एका पतसंस्थेत खतावण्या जुळवते, रात्री जेवणं उरकली की गेम बनवते. आजवर पूर्ण झालेला गेम एकच. त्याआधी अर्धवट टाकलेले चार.

त्या चारांतला पहिला म्हणजे तुमचाच गेम समजा. मीही सात राज्यांपासून सुरू केलं होतं. आरपीजी मेकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 200 बाय 200 चौकोनांचा मॅप उघडला आणि दीड महिना झाडं लावत बसले. मग नायकाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालवून बघितलं. नेहमीच्या वेगाने तो सेकंदाला पावणेचार चौकोन चालतो, म्हणजे जवळजवळ मिनिटभर नुसती झाडं. वाटेत बोलायला कोणी नाही, करायला काही नाही. चाळीस हजार चौकोन भरून झाले तरी माझ्याकडे गेम नव्हता, वनीकरण होतं.

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, कोणतं घ्यायचं यावर तुम्ही आठवडाभर व्हिडिओ बघाल, म्हणून ते पटकन उरकते. कोडिंग येत नसेल तर आरपीजी मेकर. विकत घ्यावा लागतो, पण सेल लागला की बराच स्वस्त मिळतो. मी त्याची 2015 ची एमव्ही ही आवृत्ती वापरते, त्यानंतरची एमझेड 2020 ची. थोडंफार कोडिंग जमत असेल आणि पैसे घालायचे नसतील तर गोडो घ्या. अर्जेंटिनातल्या दोघांनी बनवलेलं हे इंजिन 2014 पासून मुक्तस्रोत आणि फुकट आहे. आरपीजी मेकरमध्ये पोरकट गेमच होतात असं कोणी म्हणालं, तर त्याला 2011 चा 'टू द मून' खेळायला द्या. कान गाओ यांनी तो आरपीजी मेकर एक्सपीमध्ये केलाय, आणि त्यात लढाया जवळजवळ नाहीतच.

आता कामाचं. एक रिकामी खोली करा आणि तिच्यात एक पेटी ठेवा. खेळाडूने उघडली की शंभर मोहरा मिळाव्यात. दहा मिनिटांचं काम आहे. मी केलं तेव्हा फार खूश झाले आणि भाच्याला खेळायला बसवलं. त्याने पेटी उघडली. परत उघडली. चाळीसेक वेळा तेच बटण दाबून त्याने दुकानातल्या सगळ्या तलवारी विकत घेतल्या आणि म्हणाला, "मावशी, झाला गेम."

पेटी उघडली गेली याची मी कुठेही नोंद केली नव्हती. पतसंस्थेत असं झालं असतं तर, पैसे दिले आणि खतावणीत काहीच नाही, दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली असती. आरपीजी मेकरमध्ये अशा नोंदीसाठी सेल्फ स्विच असतो, म्हणजे त्या एका वस्तूपुरती चालू-बंदची खूण. पेटीच्या इव्हेंटला, म्हणजे पेटीने काय करायचं ते लिहितो त्या नोंदीला, दोन पानं करायची. पहिल्यावर मोहरा द्यायच्या आणि लगेच सेल्फ स्विच ए चालू करायचा. दुसऱ्या पानाची अट 'ए चालू असेल तर', आणि त्यावर उघड्या पेटीचं चित्र, बाकी काही नाही. इंजिन शेवटच्या पानापासून मागे बघत येतं आणि ज्याची अट पुरी होते ते पहिलं पान चालवतं. एवढं कळलं की तुम्हाला निम्मा आरपीजी कळला. कारण लढाई इतर खेळांतही असते, गोष्ट तर पुस्तकातही असते. आरपीजी वेगळा वाटतो तो गेमला तुमचं वागणं आठवतं म्हणून. कोणाला मदत केलीत, कोणाशी खोटं बोललात, कोणाची उधारी बुडवलीत. ही नोंदवही सांभाळणं हेच बनवणाऱ्याचं खरं काम, आणि गोष्ट पूर्ण तयार असणाऱ्यांना नेमकं हेच कोणी सांगितलेलं नसतं.

माझा पूर्ण झालेला गेम वीस मिनिटांचा आहे. रात्रीचा एसटी स्टँड, शेवटची गाडी चुकलेली. कंट्रोलर, चहावाला, बोचकं हरवलेली एक आजी आणि एक कुत्रा, एवढीच पात्रं. लढाई नाही. स्विच फक्त पाच: आजीशी बोललात का, बोचकं सापडलं का, चहाचे पैसे दिलेत का, कंट्रोलरला खरं सांगितलंत का, कुत्र्याला बिस्किट घातलंत का. पाचच म्हणून हसू नका. प्रत्येकाचं हो किंवा नाही, म्हणजे परिस्थिती झाल्या बत्तीस. एकट्या कंट्रोलरच्या इव्हेंटला नऊ पानं झाली. या वीस मिनिटांना मला सात महिने लागले. तुमच्या बारा नायकांचा हिशेब आता तुम्हीच करा.

लढाई हवीच असेल तर आधी कागदावर लढा. एमव्हीमध्ये साध्या हल्ल्याचं सूत्र तयार मिळतं: हल्ल्याची चौपट वजा बचावाची दुप्पट. नायकाचा हल्ला 10 आणि राक्षसाचा बचाव 10 असेल तर 20 चा घाव बसतो. बचाव 15 केलात तर 10, आणि 20 केलात तर शून्य. म्हणजे 'जरा कठीण करू' म्हणून आकडा थोडा वाढवलात की राक्षस अमरच होऊन बसतो. वजाबाकीच्या सूत्राची ही खोड वही आणि सापशिडीचा फासा घेऊन एका संध्याकाळी ध्यानात येते. स्क्रीनवर ती सापडायला मला दोन आठवडे लागले.

चित्रांचं थोडक्यात. एमव्हीसोबत येणारी घरं बहुतेक युरोपातल्या खेड्यातली, धुराड्यांची. स्टँड त्यात कुठून असणार? केनी या गेमसाठी चित्रं बनवणाऱ्याच्या साइटवर सीसी-झिरो परवान्याची, म्हणजे न विचारता कोणीही वापरावीत अशी, भरपूर चित्रं आहेत, ती बिनधास्त वापरा. इतर ठिकाणी प्रत्येक चित्राखालचा परवाना वाचा. लाल गाडी मी स्वतः काढली, 48 पिक्सेलच्या चौकोनांत. बाकावर बसलेली आजी चार वेळा काढली, तरी ती गोणपाटासारखीच दिसते.

आणि मराठीत बनवणार असाल, बनवाच, तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. पहिली अक्षरांची. एमव्हीच्या संवादाच्या चौकटीत मजकूर एकेक अक्षर उमटत जातो. इंग्रजीला ते छान दिसतं. पण 'स्त्री' हा शब्द संगणकाच्या लेखी सहा तुकड्यांचा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. चौकट ते सहाही सुटेसुटे रंगवते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, तीही ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून. माझ्या गेममधल्या आजीचं पहिलं वाक्य होतं 'किती वाजले?' आणि पडद्यावर आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. शेवटी जावास्क्रिप्टचा छोटा प्लगिन, म्हणजे इंजिनाला जोडायचा कोडचा तुकडा, लिहून अक्षराऐवजी अख्खा शब्द एकदम उमटवला. शब्दाशब्दाने आलेलं बोलणं उलट जास्त बोलल्यासारखं वाटतं. गोडो 4 मध्ये जोडाक्षरं नीट जुळतात, फक्त मजकूर हळूहळू दाखवताना अक्षरं जुळवण्याआधी मोजायची की नंतर ही सेटिंग बघून घ्या, नाहीतर 'क्ष' आधी क म्हणून उगवतो आणि मग रूप पालटतो. युनिटी या आणखी एका इंजिनात मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्येही जोडाक्षरं आपोआप जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट व्याकरणाची, आणि मला ती जास्त आवडते. इंग्रजी गेममध्ये वस्तू मिळाल्याचं वाक्य एकदाच लिहायचं, मध्ये नाव भरायचं, झालं. आपल्याकडे तलवार मिळाली, कंदील मिळाला, बोचकं मिळालं. एका वाक्याची तीन वाक्यं, आणि मोहरा मिळाल्या की चौथं. प्रत्येक वस्तूपुढे लिंग लिहून ठेवण्याची तयारी मी सुरू केली होती. एका रात्री भांडी घासताना सुचलं की 'आहे' ला लिंगच नसतं. तेव्हापासून माझ्या गेममध्ये काहीही मिळालं तरी वाक्य एकच: 'झोळीत आता कंदील आहे.' अनेकवचन असेल तर 'आहेत'. नायक मुलगा की मुलगी हे खेळाडूने निवडायचं असेल तर 'तू आलास', 'तू आलीस' हा घोळ प्रत्येक भूतकाळी वाक्यात होतो. माझा कंट्रोलर म्हणून अनोळखी माणसाशी 'तुम्ही'नेच बोलतो. 'तुम्ही आलात' दोघांनाही चालतं, आणि रात्री अकरा वाजता स्टँडवर कंट्रोलर तसाच बोलेल. आजी मात्र तुम्हाला 'बाळा' म्हणते आणि अरे-तुरे करते. तिची चौदा वाक्यं मी दोनदा लिहिली. ती काही 'तुम्ही' म्हणणाऱ्यातली नाही.

भाच्याला आता मिसरूड फुटलंय. परवा त्याने गेम पुन्हा खेळून फोन केला. आजीला बोचकं दिलं, पहाटेची गाडी आली, आजी गाडीत बसून गेली. मग तो चहावाल्याकडे गेला, तर चहावाला म्हणतो, "आजीला जरा विचारा, काहीतरी शोधतायत त्या." चहावाल्याच्या दुसऱ्या पानाची अट चुकलीये. आज रात्री ते बघते.