तुम्ही विचारलंत म्हणून: गिट सोडून फॉसिल का?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत इंटर्नशिपला येणारी इंजिनिअरिंगची पोरं माझ्या लॅपटॉपवरची काळी खिडकी (कमांड टाइप करायची) बघून विचारतात, "सर, गिट का नाही?" गिट आणि फॉसिल ही दोन्ही फायलींत कुणी, कधी, काय बदललं याचा इतिहास ठेवणारी सॉफ्टवेअर; मी फॉसिल वापरतो. वर्कशॉपच्या मालकांचा प्रश्न वेगळा असतो. "काय ओ, सीएनसीच्या प्रोग्रॅमला एवढा खटाटोप कशाला?"

आधी मालकांचं. कास्टिंग (ओतीव भाग) फाउंड्रीतून येऊन सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, मशीनवर चढतं, तेव्हा त्याचं पुढचं सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलवर, म्हणजे प्रोग्रॅमवर, चालतं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला म्हणून दिवसपाळीचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कमी करतो. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) वाढला म्हणून रात्रपाळीचा सेटर तोच फीड परत वाढवतो. पेनड्राइव्हवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरा' अशा फायली साठतात. मग बोअर (आतलं भोक) मापात नाही म्हणून लॉट परत आला, की तो यातल्या कुठल्या फाइलवर निघाला हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. फॉसिलमध्ये मला दिसतं की अमुक ओळीत एफ (म्हणजे फीड) ०.१८ होतं, तिथे एफ ०.२५ आलं, ते कुणी केलं, कधी केलं आणि कारण काय लिहिलं. भांडण तिथेच मिटतं. मात्र मशीनच्या पॅनेलवर केलेला बदल आपोआप इथे येत नाही. तो पीसीवर परत घ्यावाच लागतो, आणि ती शिस्त कुठलंच सॉफ्टवेअर लावून देत नाही.

आता पोरांचं. फॉसिल लिहिलं रिचर्ड हिप यांनी. एसक्यूलाइट हा डेटाबेस त्यांचाच. २००७ पासून फॉसिलचा स्वतःचा कोड फॉसिलमध्येच ठेवला जातो, आणि एसक्यूलाइटचाही कोड २००९ मध्ये तिकडेच आला. मला भावलं ते एवढंच की अख्खं हत्यार म्हणजे काही एमबीची एकच फाइल. विंडोजवर झिप उघडायची, आतली ईएक्सई पाथमधल्या (विंडोज जिथे कमांड शोधतं अशा) एखाद्या फोल्डरात टाकायची, झालं. उबुंटूवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉसिल'. वर्कशॉपच्या जुनाट पीसीवर यापेक्षा जास्त काही चढवायला मला धीर नाही.

'फॉसिल इनिट' म्हटलं की भांडार तयार होतं, तेही एकाच फाइलचं, आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस. त्याच वेळी पडद्यावर ॲडमिनचा पासवर्ड येतो, तो टिपून ठेवा. मग प्रोग्रॅमच्या फोल्डरात जाऊन 'फॉसिल ओपन'. फोल्डरात आधीच फायली असतील तर नवी आवृत्ती कुरकुर करते, तेव्हा पुढे 'फोर्स' जोडायचं. मग 'फॉसिल ॲड'ने फायली नोंदवायच्या आणि 'फॉसिल कमिट'ने बदल टीप लिहून इतिहासात जमा करायचे.

पहिल्याच कमिटला बहुतेकांची गाडी अडते. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या फाइलच्या ओळी विंडोजच्या पद्धतीने संपतात. फॉसिल त्यावर इशारा देतं आणि बदलून देऊ का, असंही विचारतं. सीएनसीच्या फाइलला नको म्हणा. मशीनला प्रोग्रॅम पाठवणारी काही सॉफ्टवेअर ओळीच्या शेवटाबाबत फार हट्टी असतात. 'सीआरएलएफ-ग्लोब' ही सेटिंग एकदा लावली की ही कटकट संपते.

कमिटची टीप मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, चालतं. आमच्या टाइमलाइनवर (बदलांच्या क्रमवार यादीत) दोन्ही आहेत, कारण सेटरही दोन्हीकडचे आहेत. विंडोजच्या काळ्या खिडकीत अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर टीप वेगळ्या फाइलमध्ये लिहून कमिटला ती फाइल द्यायची. 'फॉसिल यूआय' म्हटलं की ब्राउझरमध्ये सगळं नीट दिसतं. टाइमलाइन, दोन आवृत्त्यांतला फरक, विकी, तक्रारींची तिकिटं, सगळं त्या एका फाइलमध्येच. इंटरनेट लागत नाही.

हे महत्त्वाचं, कारण आमचं काम एका जागी नसतं. थोडं बेळगावात, थोडं कोल्हापूरकडे गोकुळ शिरगावला, आणि मी स्वतः बऱ्याचदा खानापूरकडे घरी, जिथे पाऊस लागला की नेटचा भरवसा नाही. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची आपली प्रत असते. फॉसिल कमिटच्या वेळी आपणहून दुसऱ्या प्रतीशी मेळ घालू बघतं. नेट नसेल तर विचारतं, तरीही पुढे जाऊ? हो म्हणायचं. रेंज आली की 'फॉसिल सिंक'. नेटच नसेल तर पेनड्राइव्हवरच्या भांडाराशीही सिंक होतं. मधल्या काळात दोघांनी एकाच आवृत्तीवर काम केलं असेल, तर टाइमलाइनला फाटा फुटतो, आणि नुसतं 'फॉसिल मर्ज' म्हटलं तरी तो जुळवता येतो. पण इथे माझा आग्रह आहे: जुळवलेला प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचा आणि जॉब न लावता एकदा ड्राय रन घ्या. सॉफ्टवेअरला दोन ओळी एकत्र आणता येतात, पण टूल चकला (जॉब धरून ठेवणाऱ्या भागाला) धडकेल का हे त्याला कळत नाही.

गिट वाईट आहे असं मी म्हणत नाही. पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरी धरायची असेल तर गिटच शिका, तिथे तेच विचारतात. पण गिटमध्ये रिबेस करून मागचा इतिहास नीटनेटका करून दाखवता येतो. फॉसिलने ती सोय मुद्दामच ठेवलेली नाही. टीप चुकली तर 'अमेंड'ने दुरुस्त होते, पण मूळची टीपही खाली राहते. कागद ऑडिटरसमोर ठेवायचा असेल तर मला हेच हवं. रात्रपाळीत काय झालं ते सकाळी कुणी चकाचक करून ठेवलेलं मला चालत नाही.

राहिला ड्रॉइंगचा प्रश्न. पीडीएफ आत ठेवता येतात, मी ठेवतो. जड थ्रीडी मॉडेलं मात्र बाहेर ठेवतो, नाहीतर भांडार फुगतं आणि पेनड्राइव्हवर सिंक करायला चहा संपेपर्यंत बसावं लागतं.