तळमजल्याच्या फरशीखालची गळती: कोबा फोडण्याआधी लाइन ओळखा

वाशी-नेरूळच्या जुन्या रो-हाऊसमध्ये किंवा ठाण्यातल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये फरशीच्या सांध्यांतून ओल वर येऊ लागते, भिंतीच्या पायथ्याचा रंग फुगतो, आणि मग बहुतेक घरांत सगळ्यात आधी येतो तो हातोडा. ओल बाथरूमपाशी दिसते म्हणून तिथे फोडतात आणि गळका सांधा निघतो स्वयंपाकघराच्या ओट्याखाली. असं होण्याचं कारण जमिनीत आहे. कोब्याखाली सोलिंगचे दगड असतात, त्याखाली मुरमाची भर. गळलेलं पाणी दगडांमधल्या पोकळीतून उताराकडे पळतं आणि जिथे कोब्याला चीर सापडेल तिथे डोकं वर काढतं. ओल आणि गळती यांत दहा-बारा फुटांचं अंतर सहज पडतं. म्हणून फोडण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: हे पाणी कोणत्या लाइनचं आहे?

घराखालून साधारण चार लाइन जातात आणि प्रत्येकीत पाणी वेगळ्या वेळी असतं. पालिकेची लाइन मीटरपासून जमिनीखालच्या टाकीपर्यंत. तिच्यात दाब फक्त पाणी सुटतं तेव्हा. पंपाची वर चढणारी लाइन. दाब मोटर चालू असताना सगळ्यात जास्त. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी डाउनटेक. तिच्यात चोवीस तास पाणी उभं. आणि ड्रेनेज, जी वापरलं तरच गळते. दोन-तीन दिवस ओल नेमकी कधी वाढते ते लिहून ठेवा. पाणी सुटल्यावर तासाभरात फरशी ओली दिसत असेल तर संशय पालिकेच्या लाइनवर. घर दोन दिवस बंद ठेवूनही ओल हटत नसेल तर डाउनटेकवर. मोटर लावल्यावर वरच्या टाकीत पाणी पडायला पूर्वीपेक्षा वेळ लागत असेल, तर एक तर चढणारी लाइन गळतेय किंवा फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या ओढपाईपच्या तळाची एकमार्गी झडप) पाणी धरत नाही. आधी व्हॉल्व्ह तपासा, तो स्वस्त आहे.

पाचवी शक्यता कुणी धरत नाही, ती म्हणजे जमिनीचंच पाणी. नवी मुंबईचा बराच भाग खाडीलगत भराव घालून उभा राहिला आहे. पावसाळ्यात तिथे भूजल प्लिंथच्या (जोत्याच्या) जवळ येतं आणि विटांमधून वर चढतं. ही ओल घरभर सारखी असते, वाळल्यावर पांढरा खार सोडते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत बरीच कमी होते. पाईपची गळती ऋतू पाहत नाही. शंका राहिली तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, वापरा. नळाचं पाणी मोजा, मग फरशीच्या सांध्यातून टिपलेलं मोजा. झिरपताना पाणी क्षार उचलतं, त्यामुळे थोडा फरक पडणारच. पण खाडीचा खारा अंश किंवा सांडपाणी असेल तर आकडा कित्येक पटींनी चढतो. क्लोरिन तपासायच्या किटने पाणी पिवळं झालं तर ते बहुधा जमिनीचं नसून पालिकेने पुरवलेलं आहे, मग ते कोणत्याही लाइनमधलं असो. पिवळं नाही झालं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीतून जाताना क्लोरिन संपून जातो.

पालिकेच्या लाइनवरचा संशय घरातल्यांच्या तब्येतीसाठीही महत्त्वाचा आहे. पुरवठा बंद झाला की लाइन रिकामी होते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं, त्याच भोकातून भोवतालचं पाणी आत ओढलं जातं. जवळ ड्रेनेज असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं ते गढूळ किंवा वास मारणारं येत असेल, तर ही गळती पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तोपर्यंत सुरुवातीचं पाणी सोडून द्या आणि पिण्याचं उकळून घ्या. कावीळ आणि गॅस्ट्रो अशाच वाटेने घरात शिरतात.

आता तपासणी. पुष्कळ जण मीटरचा काटा बघतात: सगळे नळ आणि टाकीचा बॉलकॉक बंद, तरी काटा फिरतो म्हणजे गळती. काटा फिरला तर निष्कर्ष बरोबर आहे, पण फिरला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सेकंदाला एक थेंब ही गळती दिवसाला जेमतेम चार लिटर भरते, आणि घरगुती अर्ध्या इंची मीटरला एवढा बारीक प्रवाह कळतच नाही. टाकीवर खूण करून रात्रभर ठेवण्याच्या युक्तीलाही हीच मर्यादा आहे. हजार लिटरची साडेतीन फूट व्यासाची टाकी घेतली तर १ सेंमी पातळी म्हणजे सुमारे ९ लिटर. थेंबाथेंबाची गळती एका रात्रीत पातळी दीड मिलिमीटरच उतरवेल. पेन्सिलच्या खुणेवर ते दिसत नाही. आणि त्या रोजच्या चार लिटरांनी वर्षभरात अख्खी खोली ओली होते.

खरी परीक्षा हाताच्या टेस्टिंग पंपाने. ज्या लाइनवर संशय आहे तिचे सगळे नळ काढून अर्ध्या इंचाचे प्लग लावा. टाकीजवळची चावी बंद करून भागत नाही, जुनी चावी पाणी सोडते; युनियन (पाईप सुटा करायचा आट्यांचा जोड) उघडून तिथेही प्लग मारा. लाइन पाण्याने भरा आणि सगळ्यात उंच टोकाचा प्लग सैल करून हवा काढा. हवा आत राहिली तर पंपावरचा दाबाचा काटा उगाच हलतो आणि नसलेली गळती दिसते. दुमजली घरात डाउनटेकवर सात-आठ मीटर उंचीचं पाणी असतं, म्हणजे दाब एक किलोच्याही (दर चौरस सेंटिमीटरला) खाली. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) लाइनला ३ किलो पुरे. त्यापुढे गेलात तर गंजलेले चांगले सांधेही फुटतील. अर्धा तास काटा स्थिर राहिला तर ती लाइन निर्दोष, पुढची घ्या. एक गोष्ट कटाक्षाने टाळा: सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी या प्लास्टिकच्या लाइनमध्ये कंप्रेसरने हवा भरून तपासणी करू देऊ नका. दाबलेली हवा पाईप फुटताच तुकडे गोळीसारखे उडवते. पाणी तसं करत नाही.

लाइन कळली की जागा. जीआय पाईप आवाज दूरपर्यंत नेतो. रात्री पंपाने दाब ठेवून लोखंडी सळईचं एक टोक फरशीवर आणि दुसरं कानाच्या मागच्या हाडावर टेकवलं तर सूं असा आवाज जवळ जाईल तसा वाढतो. प्लास्टिक आवाज गिळतं, तिथे इलेक्ट्रॉनिक यंत्रवाल्याला बोलावणं योग्य. थर्मल कॅमेरा सोलरच्या गरम लाइनला उपयोगी पडतो. थंड पाण्यावर त्याचा भरवसा कमी.

ड्रेनेजची तपासणी वेगळी. बाहेरच्या चेंबरमध्ये घरातून येणाऱ्या पाईपच्या तोंडात फुगवायचा रबरी प्लग बसवा, बाथरूमच्या फरशीतल्या नहाणी ट्रॅपच्या जाळीपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास बघा. पाणी उतरलं की गळती नक्की.

जागा शोधताना कारणं माहीत असली तर खूप फोडाफोड वाचते. जीआय पाईप बहुधा आटे पाडलेल्या ठिकाणी आधी जातो, कारण आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो. म्हणून एल्बो आणि टी आधी पाहा. पाईप प्लिंथ बीममधून स्लीव्हशिवाय (भोवती मोठ्या पाईपचं आवरण न ठेवता) काढलेला असेल आणि आतली भर बसली, तर तो बीमच्या कडेलाच तुटतो. भिंतीपासूनचा पहिला दीड फूट नेहमी संशयित. घुशी प्लिंथखालची माती उकरतात, पाईप अधांतरी लटकतो आणि सांध्यात उघडतो. वाळवीचं औषध मारणारे भिंतीलगत दर फुटाला १२ मिमीचं भोक पाडतात; पेस्ट कंट्रोलनंतर थोड्याच दिवसांत ओल सुरू झाली असेल तर आधी त्या भोकांची रांग तपासा. ड्रेनेजच्या जुन्या चिनी मातीच्या पाईपांत सांध्याचं सिमेंट सुटतं आणि झाडांची मुळं आत शिरतात.

मग फोडायचं की लाइन बदलायची? पाईप जीआय असेल आणि पंचवीस-तीस वर्षांचा असेल तर तुकडा जोडू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक सांधा गेला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत. नवी लाइन भिंतीवरून न्या. तुकडा जोडण्यात अर्थ आहे तो लाइन सीपीव्हीसीची असेल आणि इजा एकाच जागी, ड्रिलची किंवा बसलेल्या भरीची असेल तेव्हा. फरशीला भोकं पाडून केमिकल भरून देतो म्हणणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवा. कोब्याची चीर बुजते, पाईपचं भोक तसंच राहतं आणि पाणी दुसऱ्या खोलीत निघतं.

तुकडा जोडायचा असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी बंद करा, फरशीत वायरिंगचा पाईप असू शकतो. टाइल सांध्यावर कटरने कापून दोन बाय दोन फुटांची जागा उघडा. कोबा साधारण चार इंच निघतो. पाईपखाली हात फिरेल इतकी, सहा इंच तरी माती काढा. खड्ड्यात पाणी साठत असेल तर छोटा पंप लावा. ओल्या पाईपवर सोल्यूशन (पाईप चिकटवायचं द्रावण) धरत नाही. इजेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच चांगला पाईप येईपर्यंत काटकोनात कापा, कडेचे बुरे काढा, सीपीव्हीसीचंच सोल्यूशन लावा, पाव फेरा देऊन बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. यूपीव्हीसीचं सोल्यूशन इथे चालत नाही. एक दिवस थांबून मगच दाब द्या आणि दाब ठेवून, खड्डा उघडा असतानाच सांधा बघा. बुजवताना पाईपच्या खाली-वर तीन-चार इंच धुतलेली वाळू, मग सहा-सहा इंचांच्या थरांत मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकलेला. वर १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) चं चार इंच काँक्रीट, सात दिवस पाणी, त्यानंतरच टाइल. भर नीट ठोकली नाही तर तोच सांधा पुन्हा वाकतो.

नवी लाइन वरून नेताना पाऊण इंची सीपीव्हीसीला दर तीन फुटांवर क्लॅम्प द्या. दहा मीटर लांबीचा पाईप तापमान ३० अंशांनी वाढलं की सुमारे १९ मिमी लांबतो, म्हणून लांब सरळ ओळीत एक वळण ठेवा आणि क्लॅम्प आवळून टाकू नका. उन्हातल्या भागाला पाण्यात मिसळणारा रंग द्या. जीआयशी जोड पितळी आट्यांच्या फिटिंगने, टेफ्लॉन टेप लावून. सुतळी-सफेदा सीपीव्हीसीला लावू देऊ नका; त्यातलं तेल प्लास्टिकला बारीक चिरा पाडतं आणि सांधा काही महिन्यांनी फुटतो. प्रत्येक बाथरूमला वेगळी चावी बसवा, म्हणजे पुढची तपासणी एका खोलीपुरती राहील.

जुनी लाइन दोन्ही टोकांना तोडून एन्ड कॅप मारा. नुसती चावी बंद करून सोडली तर तिच्यातून पाणी झिरपत राहतं आणि नवी लाइन टाकूनही ओल का जात नाही याचं उत्तर सापडत नाही. आणि हे काम चालू असतानाच इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या घरांत गीझरची किंवा अख्ख्या घराची अर्थिंगची तार जीआय पाण्याच्या पाईपला बांधलेली असते. पाईप प्लास्टिकचा झाला की अर्थिंग गेली, आणि बल्ब-पंखे नेहमीसारखे चालत राहिल्याने कुणाला कळतही नाही. नवा अर्थ पिट करून, तार जोडून, अर्थिंग मोजून घेऊन आणि आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून पाहिल्याशिवाय गीझर सुरू करू नका.