साइडकार लॉग: अलिबाग ते गुहागर, तीन चाकं आणि तीन फेरीबोटी

मंडळी, झाली एकदाची पहिली लांब ट्रिप, बुलेटच्या बाजूला जोडलेल्या एकचाकी साइडकारमधे आईला बसवून. अलिबागहून निघून रेवदंडा, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, दापोली, दाभोळ करत गुहागर. ६६ नंबरचा हायवे मुद्दामच घेतला नाही, एक तर ट्रकांच्या मधे ही गाडी घुसवायची माझी तयारी नव्हती आणि दुसरं म्हणजे साइडकार शिकायला सागरी रस्त्यासारखा रस्ता नाही असं आता माझं ठाम मत झालंय, कारण तिथे चाळीसच्या वर जायची सोयच नसते.

नवीन लोकांसाठी सांगते, गाडी म्हणजे जुनी ३५० बुलेट, डावीकडे सेकंडहँड साइडकार, चार ठिकाणी क्लॅम्प, साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही. गिअरवाल्या गाडीचं लायसन्स नुकतंच हातात आलेलं, त्याआधी आयुष्यभर फक्त स्कूटी. सगळ्यांनी सांगितलं होतं की आधी दोन वर्षं साधी बाइक चालव, हात बसू दे, मग साइडकार लाव. मला हे साफ उलटं वाटतं. बाइकवर बसलेला हातच इथे नडतो.

दिवेआगरला त्याचा पुरावाच मिळाला. दादा त्याच्या बुलेटवर आमच्या मागे होता, कॉलेजपासून चालवतोय, लेह वगैरे सगळं झालेलं. मैदान मोकळं दिसलं तर म्हणाला, "उतर जरा, मी दाखवतो." बसला, दुसऱ्या गिअरला गेला आणि डावीकडे वळायला म्हणून सवयीने डावं हँडल पुढे दाबलं. बाइकवर असं केलं की गाडी डावीकडे कलते आणि वळते. ही कलतच नाही ना! हँडल जिकडे तोंड करेल तिकडेच जाणार, म्हणजे उजवीकडे, आणि तिकडे होता गोलपोस्ट. पोस्टच्या वीतभर अलीकडे थांबला. आई साइडकारमधून उतरून आधीच बाजूला उभी होती, नाहीतर पुढची ट्रिप मला एकटीलाच करावी लागली असती. माझ्यात ती सवय तेवढी मुरलेली नाही त्यामुळे मी सरळ रिक्षावाल्यासारखं हँडल वळवते आणि गाडी वळते. दादा नंतर श्रीवर्धनपर्यंत गप्प.

आता ओढीबद्दल. साइडकार डावीकडे असली की थ्रॉटल दिला की गाडी डावीकडे खेचते, कारण बाजूचं वजन मागे राहायला बघतं, आणि ब्रेक मारला की तेच वजन पुढे धावतं आणि गाडी उजवीकडे जाते. वाचून माहीत होतं पण हरिहरेश्वरहून बागमांडल्याकडे उतरताना ते खांद्यात कळलं. उजव्या वळणात थ्रॉटल सोडला की गाडी आपणहून आत येते, सोपं काम. खरी परीक्षा डावं वळण, कारण तिथे साइडकारचं चाक उचलायला बघतं. वळणाआधीच वेग मारायचा, गिअर खाली घ्यायचा, आणि मग वळणात हलका थ्रॉटल धरून ठेवायचा, मधेच घाबरून ब्रेक नाही. आईला सांगून ठेवलं होतं की मी "डावं" म्हटलं की तिकडे रेलायचं. केळशीपर्यंत ती माझ्याआधीच रेलायला लागली आणि वर "हळू घे गं" हेही.

अलाइनमेंटवर निघायच्या आधी पूर्ण रविवार घालवला त्याचं सार्थक झालं. बाइक साइडकारपासून जराशी बाहेर कललेली, साधारण दीड अंश, आणि टो-इन (साइडकारचं चाक पुढच्या बाजूला बाइककडे किती वळलंय ते) १८ मिमीच्या आसपास, दोन सरळ अॅल्युमिनियम पट्ट्या चाकांना लावून जमिनीवर मोजलं. आपल्याकडचा रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो त्यामुळे कलणं कमी पडलं तर गाडी दिवसभर डावीकडे ओढत राहते. क्लॅम्पच्या प्रत्येक नटावर आईच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ मारलीय, अर्धी नटावर अर्धी क्लॅम्पवर, सकाळी चहाआधी फक्त रेघ जुळते का बघायचं. मुरुडला मागचा खालचा नट अर्धा पाव फेरा सरकलेला तसाच सापडला. स्पोकही रोज वाजवून बघा, वळणात ही गाडी कलत नसल्यामुळे सगळा आडवा जोर चाकांवर येतो.

खड्ड्यांचं काय सांगू. दुचाकीला एक रेघ सांभाळायची असते, कारला दोन, आपल्याला तीन. पुढच्या चाकाचा खड्डा चुकवला की तो साइडकारला सापडतो आणि मग आतला माणूस सगळं ऐकवतो. हर्णैच्या गल्ल्यांमधे तर दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे आणि समोरून मासळीचा टेम्पो. बाइक असती तर निसटले असते, इथे मात्र निमूट मागे यायचं, आणि बुलेटला रिव्हर्स नसतो, त्यामुळे दादा ढकलायला.

फेरीबोटी तीन: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे. तिकीटवाल्याने एकदा गाडीकडे, एकदा आईकडे बघून विचारलं, "ही रिक्षा धरायची का मोटारसायकल?" मोटार वाहन कायदा, १९८८ मधली मोटारसायकलची व्याख्याच सुटी करता येणारी साइडकार धरून केलेली आहे, हे मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "मोटारसायकलच आहे हो, मी बाजूला बसलेय एवढंच." मोटारसायकलचं तिकीट मिळालं. (कायदा असला तरी साइडकार आरसीवर चढवून घ्या, आणि आतल्या माणसालाही हेल्मेट.)

बोटीवर चढणं-उतरणं वाटतं तितकं सोपं नाही. वेश्वीला ओहोटी होती, उतार खडा, खालचा भाग शेवाळाने हिरवागार आणि बोटीची लोखंडी फळी ओली. चढावर थ्रॉटल दिला की गाडी डावीकडे ओढणार हे धरून हँडल आधीच जरा उजवीकडे ठेवलं, पहिल्या गिअरमधे एकदाच निघाले, मधे थांबले नाही. आईला आधी चालत पाठवलं तर साइडकार हलकी होते म्हणून तिची पिशव्यांची रास आतच ठेवली. एक मात्र सुख, बोटीवर सगळे बाइकवाले गाडी धरून उभे राहतात, आपण गिअरमधे टाकायची आणि चहा प्यायचा.

आडे-पाडले पट्टा हा सगळ्यात आवडता. समुद्र अगदी रस्त्याला लागून, आणि साइडकार समुद्राच्या बाजूला नव्हती म्हणून आईने कुरकुर केली, येताना उलट दिशेने मिळेल सांगितलं. आसूदला केशवराज मंदिराच्या पायऱ्या उतरायचं मी टाळलं, खांदे भरून आले होते. बुलेटचा मूळ फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) साइडकारसाठी बनलेलाच नाही, त्यामुळे हँडल जड, आणि पंचवीस-तीसच्या दरम्यान समोरचं चाक थरथरतं.

अॅव्हरेज पस्तीसवरून पंचविसावर आलंय, त्याची तयारी ठेवा. पुढचं काम म्हणजे हँडलची थरथर शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर, मग जमलं तर लीडिंग लिंक फोर्क, म्हणजे साइडकारला हँडल हलकं करणारा वेगळा फोर्क. कुणी साध्या फोर्कवर डॅम्पर बसवून घाट केला असेल तर कुठला आणि कसा क्लॅम्प केला ते फोटोसकट टाका. आई गुहागरला मावशीकडे राहतेय, त्यामुळे येताना आत नारळांची गोणी असेल, घट्ट बांधून.