भुसावळच्या कबरस्तानात गिलसाहेबाला शोधतांना

मामेबहिणीच्या हळदीला भुसावळला गेलो होतो, तेही एप्रिलात, म्हणजे ज्यांनी भुसावळचं ऊन खाल्लंय त्यांना पुढचं सांगायलाच नको. जेवणं झाल्यावर सगळे कूलरपुढे आडवे झाले आणि मी हळूच मामेभावाची गाडी काढली. मामा ओट्यावरून ओरडला, "एवढ्या उनाचं कुठी चालला रे भो?" म्हटलं, कबरस्तानात. मामीनं कपाळाला हातच लावला.

त्याचं असंय, जळगाव-भुसावळकडची माणसं शाळेच्या सहलीपासून चार-पाच वेळा तरी अजिंठा लेणी बघून येतात. पुढं अजिंठा गावात पारो नावाच्या तिथल्याच बाईची कबर आहे, तीही बऱ्याच जणांनी पाहिली असते, २३ मे १८५६ ला ती गेली आणि तिच्यावर जीव जडलेल्या मेजर रॉबर्ट गिल या लेण्यांतली चित्रं उतरवणाऱ्या इंग्रजानं तिच्यासाठी दगड बसवला, मग गाईड ती लव्हस्टोरी रंगवून रंगवून सांगतो. गिलची रीतसर लग्नाची बायको होती हे मात्र गाईड सांगत नाही. आणि तो साहेब स्वतः कुठं पुरलाय विचारलं की गप्प. तो आपल्या भुसावळात आहे! मलाही पस्तिशी उलटल्यावर कळलं.

गोऱ्यांचं कबरस्तान भुसावळात कसं, तर रेल्वेमुळं. १८६० च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इकडं आली, जंक्शन झालं, लोको शेड आलं, त्यामागं ड्रायव्हर, गार्ड, फिटर आणि त्यांची बायकापोरं आली, आणि आपल्या उन्हात, तापात, पटकीत त्यातली बरीच इथंच राहिली.

गेटला कुलूप. चावी शेजारच्या घरात. चावीवाले काका बनियनवरच आले, आणि "पायाकडं बघा, जनावर निघतं" एवढं बोलून पुढं झाले. आत कमरेएवढं वाळलेलं गवत, काटेरी बाभळी, आणि मधेमधे दगड. एका छोट्या दगडाशी मी उकिडवा बसलो, अक्षरं झिजलेली, बोटानं चाचपत वाचलं तर अकरा महिन्यांचं लेकरू. बाजूला त्याच आडनावाचा अजून एक दगड, बहुतेक आई. तिथंच जास्त वेळ गेला, गिल राहिला बाजूला.

मग काकांनी त्याची कबर दाखवली. हा माणूस १८०४ चा जन्म, मद्रास आर्मीतला, आणि १८४४ ला ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. अंधाऱ्या लेण्यांत, वटवाघळांच्या वासात वर्षानुवर्षं बसून यानं मोठमोठे कॅनव्हास रंगवले, लंडनला पाठवले, आणि १८६६ ला तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून चार-पाच सोडले तर सगळे जळाले. सगळे! आपलं एक एक्सेल शीट उडालं तर दिवसभर तोंड सुजतं. या पठ्ठ्यानं पुन्हा ब्रश घेतला, त्याआधीच कॅमेराही शिकला होता, लेण्यांचे फोटो काढले होते. मला तर लव्हस्टोरीपेक्षा हेच भारी वाटतं, पण पिच्चर याच्यावर निघत नाही. शेवटी आजारी पडला आणि अजिंठ्याहून उपचाराला नेत असतांना १० एप्रिल १८७९ ला गेला. म्हणजे असल्याच उन्हात आणला असेल, बहुतेक बैलगाडीत, लेण्यांपासून इथवर सत्तरेक किलोमीटर.

काकांना विचारलं, कोणी येतं का बघायला? "येता ना अधूनमधून. पण कबर पाहिली का लगेच विचारता, पारोची कोणती?"

गवतात डोकं तापून गेलं होतं, पलीकडं यार्डात मालगाडीचे डबे आदळत होते. काकांना चहाला पैसे दिले आणि निघालो.

मामी दारातच बादली घेऊन उभी. हळदीच्या घरात तसंच कबरस्तानातून येऊ देणार नाही म्हणे, अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट अंघोळ करायला लावली, तेव्हा कुठं आत घेतलं. खरं सांगतो, त्या उन्हात बरंच वाटलं.