दगडाचा सीटी स्कॅन

हेलिकोप्रियन हे नाव मला भाच्यामुळे कळलं. सातवीत आहे. शाळेत लुप्त झालेल्या प्राण्यांचा तक्ता करायचा होता आणि स्वारीने डायनासोर सोडून हा मासा शोधून काढला. मोबाइलवर फोटो होता: काळसर दगडात चकलीसारखं वेटोळं, आणि काट्यांच्या जागी दात. "मावशी, तू रोज जबडे बघतेस ना? मग सांग, हा वरचा की खालचा?" मी सीटी स्कॅनची टेक्निशियन, रिपोर्ट देणं माझं काम नाही. पण जबड्याचा विषय निघाल्यावर मला कुठलं गप्प बसवतंय!

शंभर वर्षं जाणकारांना हाच प्रश्न छळत होता. रशियात उरलच्या भागात सापडलेल्या वेटोळ्याला रशियन भूवैज्ञानिक अलेक्झांडर कारपिन्स्की यांनी १८९९ मध्ये हे नाव दिलं आणि ते चक्क वरच्या जबड्याच्या टोकाला, नाकावर गुंडाळलेलं दाखवलं. पुढे कुणी ते शेपटीला लावलं, कुणी पाठीवरच्या पराला, कुणी घशात बसवलं. आज हसू येतं, पण त्यांच्या हातात होतं काय? हा प्राणी शार्कच्या गोतावळ्यातला, म्हणजे सांगाडा सगळा कूर्चेचा, आपल्या कानाच्या पाळीवर असतं तशा लवचीक, मऊ हाडाचा. आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे. लहानपणी त्याच्या फासळ्या मोजल्या नाहीत असा बडोदेकर विरळा. तो हाडांचा, म्हणून मांडून ठेवता आला. शार्क मेला की कूर्चा सडते आणि उरतात फक्त दात. कूर्चेत चुना साठलेला असेल आणि नशीब जोरावर असेल, तरच जबड्याचा काही भाग दगडात टिकतो.

असा एक नशीबवान दगड १९५० मध्ये अमेरिकेत आयडाहोतल्या फॉस्फेटच्या खाणीत सापडला. बेंडिक्स-आल्मग्रेन या डॅनिश अभ्यासकाने १९६६ मध्ये त्याचं वर्णन छापलं. वेटोळ्याला लागून कूर्चा आहे हे त्यांना दिसलं होतं, पण दगड फोडून आत कोण बघणार? तो तसाच संग्रहात राहिला. २०११ मध्ये टेक्सास विद्यापीठात त्याचा सीटी झाला आणि २०१३ मध्ये लीफ टापानिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापले. नवं खोदकाम नाही, काही नाही. आधीपासून हाताशी असलेलाच दगड!

ही गोष्ट वाचताना मी स्कॅनपाशीच अडकले. आमच्याकडे पेशंट टेबलावर झोपतो आणि एक्स-रेची नळी त्याच्याभोवती फिरते. दगडांच्या मशीनमध्ये सहसा उलटं: नळी जागेवर, दगड फिरतो. पेशंट हलेल ही धास्ती नाही, "श्वास रोखा" म्हणायला नको, किरणांच्या डोसची चिंता नाही. खरं सांगते, हेवा वाटला. पण पुढचं काम आमच्यापेक्षा चिवट. माणसाच्या स्कॅनमध्ये हाड पांढरं, चरबी काळपट, स्नायू मधल्या रंगाचे; निम्मी वाटणी आपोआप होते. इथे साधारण २७ कोटी वर्षांत कूर्चेचाही दगडच झालेला. करड्याला लागून करडं! एकेका स्लाइसवर, म्हणजे स्कॅनमधल्या एकेका कापाच्या चित्रावर, बसून इथवर कूर्चा, इथून दगड, अशी कड रेखत जायचं.

नव्या मुलांना मी नेहमी सांगते, स्क्रीनवर चकाकतंय ते आधी सोडा, त्याच्या बाजूचं बघा. हेलिकोप्रियनचं तेच झालं होतं. सगळे दातांवर खिळलेले आणि उत्तर शेजारच्या कूर्चेत.

तर उत्तर: खालचा जबडा, अगदी मधोमध. वेटोळ्याने जबड्याची जवळजवळ सगळी लांबी व्यापलेली, आणि ते डुगडुगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी कूर्चेचा आधार. शार्कचे दात पडतात, नवे येतात. याचे पडतच नसत. नवा, मोठा दात मागून येई आणि जुने पुढे सरकत आत गुंडाळले जात. बालपणीचे चिमुकले दात पार मध्यभागी. एकूण शंभराच्या वर. वरचा जबडा कवटीला दोन ठिकाणी जोडलेला निघाला, आणि आजच्या शार्कमध्ये जबडा तोलून धरणारी जी मधली कूर्चा असते, तिचा इथे त्या कामात सहभाग नव्हता. त्यामुळे याचं जवळचं नातं शार्कशी नाही, तर त्याच गोतावळ्यातल्या, खोल समुद्रातल्या कायमेरा माशांशी ठरलं.

वरच्या जबड्यात जोडीला दुसरी करवत नव्हती, मग खात कसा होता? तोंड मिटताना दात मागे फिरत आणि भक्ष्य कापत कापत आत ओढत. दात फारसे झिजलेले नाहीत, त्यावरून माकूळसारखं मऊ अंगाचं काही खात असावा असा तर्क आहे. नेटवर मात्र अजूनही जबड्याच्या टोकाला बाहेर लोंबणारी करवत दाखवणारी चित्रं बिनधास्त फिरतात. भाच्याने त्यातलंच एक, सर्वांत भीतिदायक, डाउनलोड करून ठेवलं होतं. ते मी त्याच्याकडून डिलीट करवलं.