आखीव वहीतले तेरा महिने

जानेवारीतली सकाळची शाळा. दहावी ‘ब’ची पोरं स्वेटरात, आणि मी फळ्यावर समरूप त्रिकोण काढता काढता पंखा लावायला सांगते. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, आम्ही गारठलोय.’ तोवर अंगातून अचानक उसळलेली गरम वाफ छातीवरून मानेवर, मानेवरून कानांत चढली होती आणि बोटांतला खडू इतका ओला झाला होता की फळ्यावर उमटेना. त्या दिवशीचा त्रिकोण दोनच बाजूंचा राहिला.

मी तेव्हा ४९ वर्षांची, रजोनिवृत्तीच्या, म्हणजे पाळी कायमची जाण्याच्या, उंबरठ्यावर. शेवटची पाळी त्याआधीच्या जूनमधली; पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, म्हणून दिवस पक्का लक्षात. चार-सहा महिने काही आलं नाही तेव्हा ‘सुटले एकदाची’ म्हणून उरलेली पॅडची पाकिटं लेकीला देऊन टाकली. सुटका कसली! रात्री दोन-तीनदा गाऊन भिजायचा. मी पंखा पाचवर करायचे, नवरा दुलई डोक्यावरून ओढायचा. कोथरूडच्या आमच्या दहा बाय अकराच्या खोलीत एकाच पलंगावर मे आणि डिसेंबर नांदत होते.

सासूबाईंनी शतावरी कल्प आणून दिला. चवीला छान होता, दुधातून संपवला. आईचं नेहमीचं: ‘आम्ही कुठं गं औषधं घेतली? गेली पाळी, संपलं.’ तिचं ५८व्या वर्षी मोरीत घसरून मनगट मोडलं आणि पुढे मणका दबून ती वाकली, हाडं पाळी गेल्यानंतर ठिसूळ झालेली, हे मात्र ती त्या ‘संपलं’मध्ये धरत नाही.

मी गणिताची बाई. सुचेनासं झालं की कोष्टक आखते. दोनशे पानी आखीव वही घेतली आणि रोज नोंदायला लागले: वा म्हणजे वाफ, घा म्हणजे रात्रीचा घाम, झो म्हणजे झोपमोड, डो म्हणजे डोकं दुखलं. पहिल्या आठवड्याची सरासरी दिवसाला अकरा वा आली. आकडा बघून मलाच धक्का बसला. तोवर मी स्वतःला ‘जरा गरम होतं’ एवढंच सांगत होते.

पहिल्या डॉक्टरांकडे चार मिनिटं लागली. इस्ट्रोजेनची, म्हणजे पाळी जाताना कमी होणाऱ्या हार्मोनची, गोळी रोज आणि दुसरी एक गोळी महिन्यातले दहा दिवस. नवव्या दिवशी पेपर तपासताना डोळ्यांपुढे नागमोडी चकाकती रेघ आली आणि पाठोपाठ अर्धं डोकं फुटायला लागलं. अर्धशिशी माझी कॉलेजपासूनची, पण वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी. मळमळ तर पहिल्या दिवसापासूनच होती. फोन केला तर रिसेप्शनवरच्या मुलीनं आत न विचारताच सांगितलं, ‘होतं सुरुवातीला, चालू ठेवा.’ मी बंद केली. तुम्हाला अर्धशिशी आहे का, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि सांगायला हवं हे मलाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टर शाळेतल्या मराठीच्या बाईंनी सुचवल्या. कर्वे रोडलगतचं जुनं क्लिनिक, बाहेर चप्पल नीट लावण्याबद्दल तीन वेगवेगळ्या पाट्या. आत मात्र चाळीस मिनिटं नुसती चौकशी. पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत कधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला पक्षाघात, कुणाला स्तनाचा कर्करोग, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे काही दिसतं का, यकृताचा काही आजार. वही दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पानं उलटली. मी आपणहून लॅबमधून करून आणलेला एफएसएचचा, म्हणजे पाळी जात आली की वाढणाऱ्या हार्मोनचा, रिपोर्ट मात्र त्यांनी बाजूला सारला. ‘पंचेचाळिशीनंतर याची गरज पडत नाही. हा आकडा आज वर, उद्या खाली. तुमची वही जास्त सांगते.’ मग रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, पॅप स्मिअर म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, आणि पोटाची सोनोग्राफी. थायरॉइड का, तर तो बिघडला तरी घाम, धडधड आणि चिडचिड अशीच होते.

अडलं ते मावशीपाशी. माझ्या सख्ख्या मावशीला ७१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. ‘हार्मोन घेतले की कॅन्सर होतो’ हे मी वीस वर्षं ऐकत आले होते, आणि नवऱ्यानंही मोबाइलवर तेच वाचलं होतं: धोका सव्वीस टक्क्यांनी वाढतो. मी तो आकडा डॉक्टरांपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही गणित शिकवता ना? मग कशाचे सव्वीस टक्के, ते विचारा.’

त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर मांडलं. आकडा अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा. १६,६०८ बायका, सरासरी वय ६३. दोन हार्मोन एकत्र देण्याचा तो भाग २००२च्या जुलैमध्ये मुदतीआधी थांबवला गेला. गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कर्करोग, घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. तिसावर आठ म्हणजे सव्वीस-सत्तावीस टक्के, बरोबर. पण दहा हजारांवर आठ म्हणजे ०.०८ टक्के. दोन्ही आकडे खरे, आणि वर्तमानपत्र कुठला छापणार हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच तक्त्यात पक्षाघात आठ जास्त आणि खुब्याचे अस्थिभंग पाच कमी. शिवाय त्या बायकांना दिलेलं औषध वेगळं होतं: गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे दुसरं, कृत्रिम हार्मोन. गर्भाशय काढलेल्या ज्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही.

‘म्हणजे धोका शून्य का?’ क्लिनिकमध्ये सोबत आलेल्या नवऱ्यानं तिथंच विचारलं होतं. ‘नाही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘वर्षं वाढतील तसा थोडा वाढतो. पन्नाशीच्या आत सुरू करणं आणि त्रेसष्टीत सुरू करणं यात मात्र फरक आहे. मावशीमुळे दार बंद होत नाही, मॅमोग्राफी चुकवायची नाही एवढंच.’ औषध घ्यायचंच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. हार्मोन नको असतील तर नैराश्याच्या काही गोळ्या कमी मात्रेत वाफांवर चालतात. मी दोन दिवस विचार केला. आईचं वाकणं आणि मावशीची शस्त्रक्रिया, दोन्ही डोळ्यांपुढे. सरळ सांगायचं तर निर्णय झाला तो तिसऱ्या रात्री अडीच वाजता, ओला गाऊन पिळताना.

अर्धशिशीमुळे गोळीऐवजी जेल. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन हा वळसा टाळतं, रक्तातली पातळीही एकसारखी राहते. ट्यूबसोबत प्लास्टिकची मापाची पट्टी येते. पूर्ण पट्टी म्हणजे अडीच ग्रॅम जेल, त्यात दीड मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. मला सुरुवातीला अर्धी पट्टी, अंघोळीनंतर दंडावर. छातीवर लावायचं नाही. आणि गर्भाशय आहे म्हणून प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर नुसत्या इस्ट्रोजेननं आतलं अस्तर जाड होत जातं आणि तिथं कर्करोगाची भीती. पाळी जाऊन वर्ष पुरं झालं नव्हतं, म्हणून महिन्यातल्या बारा रात्री २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. ‘शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना? काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं.’ साबुदाण्याच्या खिचडीवर वाढलेल्या बाईला हा प्रश्न!

औषधाच्या दुकानात संध्याकाळची गर्दी. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या लेकीकडे पाहून म्हणाला, ‘काकू, ही प्रेग्नन्सीत देतात. ताईंसाठी का?’ लेक वीस वर्षांची. मागच्या रांगेत आमच्याच सोसायटीतल्या दोघी. मी म्हटलं, ‘माझ्यासाठी. आणि मी गरोदर नाही.’ आवाज जरा वर्गातलाच लागला. तीच कॅप्सूल गर्भ टिकवायलाही देतात, त्यामुळे त्याची चूक नव्हती; पण गर्दीसमोर विचारू नये एवढं तरी कळावं.

कॅप्सूलचं पहिलं ज्ञान मला चाचणी परीक्षेच्या गठ्ठ्यावर झालं. ‘रात्री’ म्हणजे जेवणानंतर, असं मी धरलं. आठला जेवले, कॅप्सूल घेतली आणि पेपर पुढे ओढले. साडेनऊला जाग आली तेव्हा गाल टेबलावर, आणि एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवर लाल पेनाची रेघ, पायथागोरसच्या सिद्धतेतून निघून थेट समासाबाहेर गेलेली. उठले तर भिंत धरावी लागली. जेवणासोबत ती जास्त शोषली जाते आणि गुंगी आणते. तेव्हापासून दिवा मालवायच्या आधी, अंथरुणावर बसून. मग तीच गुंगी उपयोगाची ठरली. झो चे रकाने त्या बारा रात्री कोरे राहायला लागले.

सहा आठवड्यांत वा अकरावरून पाचवर. डॉक्टरांनी पूर्ण पट्टी केली आणि वहीत नवीन अक्षर आलं: छा. छाती इतकी हुळहुळी की पीएमपीच्या बसमध्ये गतिरोधक दिसला की मी पर्स पोटाशी धरून दोन्ही कोपर पुढे घ्यायची. दुसरी कुणी असती तर तिथंच सोडलं असतं. मीही सोडणार होते. डॉक्टरांनी तपासलं, गाठ वगैरे काही नव्हती. ‘आठ आठवडे द्या. नाही थांबलं तर पट्टी कमी करू. पण मात्रा आपल्या मनानं रोज वर-खाली करू नका, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल.’ एका वेळी एकच चल बदलायचं, हे मी पोरांना घसा फोडून सांगते. सातव्या आठवड्यात छा गेलं. वा दिवसाला एक, कधी तेही नाही.

एप्रिल-मे मध्ये वेगळीच अडचण. पुण्याचा उन्हाळा चाळिशीला टेकला की दंडावरचं जेल वाळायच्या आधी घाम, वर ब्लाउजच्या बाह्या. शिवाय शेजारचं दोन वर्षांचं बाळ सकाळी ‘काकू’ म्हणत सरळ कडेवर यायचं. ओल्या जेलमधलं हार्मोन लहान मुलाच्या अंगाला लागू शकतं, हे मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून रात्री अंघोळ, मांडीवर जेल, पाच मिनिटं वाळू देणं, साबणानं हात, मग गाऊन. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून वाळेपर्यंत देवापुढे निरांजनही लावत नाही.

पाळी मात्र परत आली, कॅप्सूल संपली की दोन-तीन दिवसांनी, घड्याळ लावल्यासारखी. लेकीनं माझीच पाकिटं मला परत दिली. हे अपेक्षित होतं, सांगितलेलंही होतं, तरी चिडचिड झालीच. पण वहीनं खरं पकडलं ते दुसरं. बारा रात्रींपैकी पाचव्यापासून पुढे रडू यायचं. भाजी करपली म्हणून, लेकीनं फोन उचलला नाही म्हणून. तीन महिने ओळीनं तेच दिवस. नवरा म्हणाला, ‘अगं, मला वाटलं शाळेचा ताण असेल.’

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी पर्याय मांडले. तीच कॅप्सूल योनीमार्गातून घ्यायची, म्हणजे डोक्यापर्यंत कमी पोचते. किंवा गर्भाशयात हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू बसवायची, मिरेना. अस्तराचं काम ती करते. किंवा, आता पाळी जाऊन वर्ष उलटलंय तर, १०० मिलिग्रॅम रोज रात्री, विनाखंड. मी तिसरा घेतला. आत काही बसवून घ्यायचं मनाला पटेना, यापलीकडे कारण नाही.

रडू गेलं, पण मग डाग. कधी दोन दिवस, कधी आठ. पहिले तीन ते सहा महिने चालतं, असं ऐकलेलं असूनही चौथ्या महिन्यात एकदा भरपूर गेलं तेव्हा मी तडक सोनोग्राफीला पोचले. अस्तर ३.६ मिलिमीटर, पातळ. जानेवारीत डाग थांबले. लघवीची जळजळ तेवढी उरली होती, त्यासाठी खाली लावायची वेगळी क्रीम दिली. जेल त्या जागेला पुरत नाही, हेही तेव्हाच कळलं. याबद्दल मी स्वतः सहा महिने बोलले नव्हते. लाज, दुसरं काय.

मार्चअखेर वही संपली. तेरा महिने, तीन बदल. पुढची तपासणी जूनमध्ये; रिसेप्शनवरून नेमकी पालखीच्या दिवसाची वेळ मिळाली होती, ती बदलून घेतली, त्या दिवशी गावातले रस्ते बंद असतात. मॅमोग्राफी त्याआधी करायची आहे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर दोन प्रश्न लिहून ठेवलेत: पट्टी पाऊण करून पाहायची का, आणि डाव्या मांडीवर जेल लावते तिथं हल्ली खाज का येते.